गाडी अडवून धरणारे मिस्त्री

"उतरव."

पहिल्या भेटीत ते एवढंच बोलायचे. तुम्ही हौसेनं गाडी भरून, छतावरच्या सामानाचे पट्टे आवळून त्यांच्या शेडसमोर उभे राहिलात की ते हात पाठीमागे बांधून गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि तो एक शब्द टाकायचे. गोऱ्यांनाही तेच. "अनलोड, मेट." मग शेडसमोरच्या लाल मातीवर एक मोठी निळी ताडपत्री पसरली जायची आणि आपल्या संसारातला चमचान् चमचा भर उन्हात बाहेर यायचा.

आमचं कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचं गाव. पर्थ इथून सहा-सात तासांवर, आणि बाकी तिन्ही बाजूंना आत, कच्च्या रस्त्यांवर, दिवसभर माणूस भेटत नाही अशी जमीन. तिकडे लांबच्या सफरीला निघणारी फोर-व्हील-ड्राइव्ह एकदा मिस्त्रींच्या हाताखालून जायला हवी, असा गावाचा रिवाज होता. खाणीत तीस वर्षं फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. मूळचे इस्लामपूरचे. बायको गेलेली, एक मुलगी दूर, दुसऱ्या राज्यात, वॉलॉंगॉंगला हॉस्पिटलात नोकरीला. आम्ही इथली सात-आठ मराठी घरं त्यांना मिस्त्रीच म्हणायचो, म्हणून इथंही तेच.

उतरवलेलं सामान परत भरायला ते हात लावत नसत. तुम्हीच भरायचं. भरून झालं की तुमच्या डोळ्यांवर फडकं बांधून म्हणायचे, "जॅक काढ. पाणी काढ. टॉर्च काढ." कुणी हसलं तर म्हणायचे, "अंधारात पंक्चर झाल्यावर टॉर्च कुठंय ते काय टॉर्च लावून बघणार?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं काम घेऊन गेलात की तुमच्यावरच काम काढतात. मला ती आवडत नाहीत. मी धंदेवाला माणूस आहे. विद्यार्थी म्हणून पर्थला आलो, हॉटेलात भांडी घासली, टॅक्सी चालवली आणि आता खाणींच्या लिलावात निघालेलं जुनं सामान घेऊन विकतो. माझं शिक्षण म्हणाल तर एकच: समोरच्याच्या तोंडावरून त्याच्या मनातला आकडा ओळखणं. तो मला ओळखता येतो, आणि मी त्याच्या खाली बोलायला सुरुवात करतो. या गावात मला फसवलेला माणूस अजून दाखवा.

महामारी सुरू झाली त्या वर्षी अण्णा, माझे वडील, आमच्याकडे होते. तीन महिन्यांसाठी एकटेच आले होते. आईचे गुडघे विमानात बसण्यासारखे नव्हते. ते आले आणि महिनाभरात विमानं बंद झाली. परत जाणाऱ्यांच्या दूतावासाच्या यादीत मी त्यांचं नाव घालून ठेवलं. जागा मिळाली तर दोन-तीन दिवस आधी कळवू, असं उत्तर आलं. नंतर मी ते विसरून गेलो.

अण्णा मिरज डेपोचे एसटी ड्रायव्हर. बत्तीस वर्षं त्याच त्या चार मार्गांवर, घड्याळ लावून, मागे कंडक्टरची घंटी ऐकत गाडी चालवलेला माणूस. माझ्या डोक्यात आलं, की यांना एकदा असा रस्ता द्यायचा जिथं थांबा नाही, घंटी नाही, समोरून वाहन नाही. कालगुर्लीहून उत्तरेला, विलुना, न्यूमन करत थेट किंबर्लीपर्यंत. तीन आठवडे. स्टिअरिंग त्यांच्या हातात, मी क्लीनर. राज्याच्या आतले रस्ते जूनमध्ये मोकळे झाले तेव्हा मी लिलावातून बारा वर्षं जुनी डिझेल गाडी उचलली. किती घासाघीस केली ते सांगत नाही. विकणारा अजून माझ्याशी बोलत नाही, यावरून समजा.

"अण्णा, कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे की."

"जायचं ना?"

"बघू की."

त्याला मी होकार समजलो.

मिस्त्रींनी ताडपत्री पसरली तो दिवस मला लख्ख आठवतो. आधी त्यांनी गाडी भरलेली तशीच काट्यावर नेऊन वजन केली होती.

"किती माणसं जाणार, शेठ?" मला ते शेठ म्हणायचे, आणि त्यात आदर नसायचा.

"मी आणि अण्णा."

"दोघांना वीस किलो कणीक?"

"अण्णांना ब्रेड चालत नाही."

"हे काय?"

"कुकर."

"आणि हे?"

"मोठा कुकर."

मिस्त्रींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा एका उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होते. दोघांच्या मिशा एकदमच हलल्या. मग मिस्त्री पुढे जाऊन वाकले. "हा लोखंडी बंपर कुठला?"

"खाणीच्या गाडीचा. लिलावात फुकटात पडला."

"फुकटात कुठला? सगळा पुढच्या स्प्रिंगवर पडलाय. काढून टाक."

बंपर निघाला. पुढच्या आठवड्यात पंख्याच्या पट्ट्यात चीर सापडली. त्यानंतर रेडिएटरचा पाइप. मग मागच्या दाराचं रबर. त्यातून धूळ आत येऊन तुम्ही आठ दिवसांत खोकायला लागाल, म्हणाले. दुसऱ्या बॅटरीची पकड ढिली. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगला केसाएवढी भेग. प्रत्येक गोष्टीला पर्थहून सुटा भाग यायचा, आणि त्या दिवसांत पर्थलाच समुद्रापलीकडून माल येत नव्हता. परदेशी जाता येईना म्हणून अख्ख्या देशाला एकदम वाळवंट बघायचं होतं; जो तो गाडीचे भाग शोधत होता. जून गेला, जुलै गेला. तिकडे जून-जुलैत असतो तो थंडीचा हंगाम सरत आला. तो संपला की उन्हापायी वर्षभर थांबावं लागणार होतं, आणि वर्षभर अण्णा थोडेच राहणार होते?

अण्णा मात्र रोज दुपारी चालत शेडवर जाऊन बसायचे. गाववाले भेटले, वेळ जातोय, मला वाटलं, बरं आहे.

ऑगस्टमध्ये मिस्त्री म्हणाले, मागच्या चाकाचं बेअरिंग आवाज करतंय. मी कान लावला. मला आवाज आला नाही. तिथं माझा तोल सुटला.

"मिस्त्री, रिटायर झालात म्हणून आमच्या जिवावर वेळ काढताय काय? दोन माणसांची गाडी आहे, रॉकेट नाही! गोऱ्यांच्या गाड्या चार दिवसांत सोडता, आणि आपल्या माणसाची दोन महिने उभी?"

ते फडक्याला हात पुसत राहिले.

"अण्णा, चला. दुसरीकडे नेतो गाडी."

"चहा तेवढा संपवतो," अण्णा म्हणाले. कपातून मान वर केली नाही त्यांनी. एवढा वेळ एक कप चहा पिताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दूतावासाची मेल आली. पर्थहून जागा होती, तीन दिवसांनी. माझी गाडी चाक काढून मिस्त्रींच्या ठोकळ्यांवर उभी. बायकोच्या छोट्या गाडीतून मी अण्णांना पर्थला सोडलं, आणि वाटभर मिस्त्रींना शिव्या घातल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. विमानतळावर मास्कच्या वरून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. म्हणाले, "गाडी चांगली घेतलीस. कुणावर रागावू नकोस."

मी रागावलो. गाडी ओढून आणली, दुसरीकडे बेअरिंग बसवलं आणि विकून टाकली; त्या दिवसांत कुठल्याही चालत्या गाडीला भाव होता. आमच्या मराठी घरांच्या ग्रुपवर लिहिलं: मिस्त्रींचं आता वय झालंय, मुद्दाम काम लांबवतात, वेळ वाया घालवायचा असेल तर त्यांच्याकडे जा. दोन घरांनी आपल्या सफरीच्या गाड्या दुसरीकडे नेल्या. मला बरं वाटलं. सुपरमार्केटमध्ये मिस्त्री दिसले की मी ट्रॉली वळवायचो. सव्वा वर्ष असंच चाललं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत आई फोनवर म्हणाली, "अरे, त्या मिस्त्रींना माझ्याकडून फराळ दे हं. त्यांनी गाडी धरून ठेवली म्हणून तर हे घरी पोचले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तेव्हा आपल्या गल्लीला दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले होते. शेजारचे दोघं गेले. मी घरात एकटी. ह्यांना रोज फोन करून रडायची."

"मला तर म्हणायचीस, सगळं ठीक आहे!"

"तुला कशाला सांगू? तू तिकडनं काय करणार होतास? आणि हे म्हणाले, पोरगा एवढ्या हौसेनं गाडी करतोय, त्याला नाही कसं म्हणू. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. अनोळखी माणसाच्या मनातला आकडा ओळखणारा मी. माझ्याच घरात, माझ्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसाचा 'बघू की' मला दोन महिन्यांत वाचता आला नाही.

त्याच दुपारी शेडवर गेलो. फराळ नेला नव्हता. भांडायलाच गेलो होतो.

मिस्त्री एका गाडीखाली होते. बुटांवरूनच त्यांनी ओळखलं. "बोला शेठ."

"अण्णांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

ते सरकत बाहेर आले. "सामान उतरवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणाले, तिकडं तीन आठवडे फोन लागायचा नाही. तेवढ्यात विमानाची जागा आली नि गेली तर बायकोला काय तोंड दाखवू?"

"मग मला सांगायचं होतं तुम्ही!"

"सांगू नका म्हणाले."

"म्हणून खोटं बोललात. दोन महिने."

"एकदा पण नाही." मिस्त्री उठून बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पट्टा फाटका होता. स्प्रिंगला भेग होती. बेअरिंग काढल्यावर बघितलंस ना, कसं झालं होतं? दोष प्रत्येक गाडीत असतात, बाबा. जिवावर बेतणारे असतात तेवढे मी काढतो नि गाडी सोडतो. बाकीचे रस्त्यात सांभाळून घेता येतात. तुझ्या गाडीचे सगळे सांगितले."

मी अण्णांच्या त्या क्रेटवर बसलो.

"आणि मी ग्रुपवर लिहिलं ते?"

"वाचलं की."

"तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"तेव्हा तुझे अण्णा नुकतेच पोचले होते," ते म्हणाले. "पोचल्या पोचल्या बाप-लेकात लावून देऊ काय?" आणि परत गाडीखाली गेले.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं: मिस्त्रींबद्दल मी लिहिलं होतं ते चूक होतं. कुणी काही विचारलं नाही. एकानं अंगठा टाकला. राग गेला असं मी म्हणणार नाही. दोन म्हाताऱ्यांनी मिळून माझ्याबद्दल ठरवून टाकलं, की याला खरं सांगण्यापेक्षा गाडी ठोकळ्यांवर चढवणं सोपं, याचा मला अजून राग येतो. ते बरोबर होते, याचा त्याहून जास्त येतो. अण्णांना मी फोन केला. ते म्हणाले, "तू ऐकलं असतंस का?" मी म्हणालो, "बघू की." दोघंही थोडं हसलो.

पुढं मी शेडवर जाऊ लागलो. काही काम नसताना. त्याच क्रेटवर बसायचो. मिस्त्री बोलत नसत फारसं. कधी पाना मागत.

महामारीत बंद झालेल्या राज्याच्या सीमा उघडल्या तशी त्यांची मुलगी आली. दोन वर्षं तिला बापाला भेटता आलं नव्हतं. ती पर्थहून भाड्याची पांढरी छोटी गाडी घेऊन आली आणि पंधरा दिवसांत सगळं आवरलं. शेड दिली, हत्यारं वाटून टाकली. चांगली पोरगी. "अंकल, दोन वर्षं मला झोप नव्हती," असं मला म्हणाली. "आता बाबांना मी एकटं ठेवणारच नाही."

निघायच्या सकाळी मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले होते. हात मांडीवर. त्या हातांना काम नसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी मागे बॅगा लावत होती. मी खिडकीशी वाकलो.

"मिस्त्री, तुम्हाला जायचंय?"

ते समोर बघत होते. "पोरीनं खोली रंगवून घेतलीय," ते म्हणाले. "फोटो दाखवला तिनं. फिकट निळी."

"मी ते नाही विचारलं."

"पलंग पण आणलाय."

पोरगी येऊन बसली. घड्याळ पाहिलं. पर्थहून संध्याकाळचं विमान होतं. तिनं किल्ली फिरवली, तसा मी मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिलो आणि बुटानं टायर दाबून पाहिला. दगडासारखा टणक होता.

"थांब गं," मी म्हणालो, "यात हवा कमी वाटतेय. घरून पंप आणतो. पंधरा मिनिटं."

"रिअली?" ती वैतागली. "बाबा, खरंच कमी आहे?"

मिस्त्रींनी काच खाली केली. बाहेर वाकून त्यांनी टायर पाहिला, मग मला पाहिलं, मग मागची ती पत्र्याची शेड. बराच वेळ लावला.

"कमी आहे," ते म्हणाले.

तिनं इंजिन बंद केलं. मी पंप आणायला निघालो, आणि घर दोन गल्ल्यांवर असूनही लांबच्या रस्त्यानं गेलो.