फिरत्या सायकलवरचं माप

शिंप्याने कात्री ठेवून पाना हातात घेतला की घरच्यांनी सावध व्हावं. पण फटफट मास्तरांच्या घरात सावध व्हायला उरलं होतं कोण? एकटी बायको. आणि तिने संसारात इतक्यांदा सावध होऊन पाहिलं होतं, की आता तिला त्याचाही कंटाळा आला होता.

मास्तरांना 'फटफट' अलीकडे चिकटलं. आधी ते नुसतेच मास्तर होते. तयार कपड्यांची दुकानं निघाली आणि गिऱ्हाईक त्यांची पायरी चढेनासं झालं. तेव्हा मास्तर म्हणाले, "ते येत नाहीत ना? मग मी जातो!" गळ्यात टेप टाकून ते सायकलवरून घरोघरी मापं घ्यायला लागले. पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. मग त्यांनी सायकलच्या सांगाड्यात छोटंसं पेट्रोलचं इंजिन बसवलं. बसवून घेतलं नाही हं, स्वतः बसवलं. ज्याला पँट जोडता येते त्याला जगातलं काहीही जोडता येतं, असं त्यांचं म्हणणं.

इंजिन सुरू व्हायचं, झकास पळायचं. पण वेग कमी केला रे केला, की ते खोकायचं, आचके द्यायचं आणि मान टाकायचं. पुन्हा सुरू करायचं तर जोरात पायडल मारायला हवं, आणि गुडघे तर संपावर. मास्तरांनी यावर तोडगा काढला. थांबायचंच नाही.

झालं! बेकरीवाल्याने पँट शिवायला सांगितली, तर मास्तर त्याच्या अंगणात त्याच्याभोवती गोल गोल फिरायला लागले. "हात वर! आता वळा! अहो, माझ्याबरोबर वळू नका, उलटे वळा!" टेप गळ्यातच फडफडत होती. माप सगळं नजरेने. बेकरीवाला चक्कर येऊन पायरीवर बसला, तेवढ्यात मास्तरांनी बसलेल्या माणसाचंही माप घेऊन टाकलं.

पँट अशी झाली की बेकरीवाल्याला तीत उभं राहता येई, पण बसायचं म्हटलं तर देवाचं नाव घ्यावं लागे. त्याने मास्तरांना काही म्हटलं नाही. भला माणूस. त्याने थेट दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला फोन लावला.

मुलाचा फोन आला तो आईला. "आई, पुरे झालं आता. बाबा कुठेतरी आपटतील. मी रविवारी येतोय. दुकानाला कुलूप लावू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला."

बायकोने ते मास्तरांना सांगितलं. दुकान बंद म्हणजे काय, हे पोराला कुठून कळणार? सकाळी उठून हातांनी करायचं काय? नातवाच्या खेळण्यातल्या गाडीला सेल घालायचे? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "रविवारच्या आत हे इंजिन जागेवर उभं राहून चाललं पाहिजे. मग बघू कोण कुलूप लावतो."

आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खोलला. जेट काढलं, त्याच्या भोकातून आरपार पाहिलं, शिवणयंत्राच्या ब्रशने घासलं. फ्लोट हलवून पाहिला. पेट्रोल गाळून घेतलं, ते बायकोच्या चहाच्या गाळण्याने. त्यावरून घरात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. सगळं पुन्हा जोडलं. इंजिन पळालं, खोकलं, मेलं. पुन्हा खोललं. रोज तेच.

शेवटी नाइलाजाने कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने इंजिन चालू करून चोक थोडा ओढला, हवा कमी केली, तर ते जरा शहाण्यासारखं चाललं.

"मास्तर, हवा जास्त होतेय याला," तो म्हणाला. "कुठूनतरी आत शिरतेय. इंजिनाकडच्या या नळीचा जोड बघा."

"तो जोड मी बसवलाय," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो."

"चल, नीघ!"

गॅरेजवाला हसत हसत गेला. पण मास्तरांचं डोकं तापलं ते तापलंच. जोडाची फट बुजवणारं मूळचं कागदी गॅस्केट बसवतानाच फाटलं होतं, म्हणून त्यांनी त्या जागी बकरम कापून घातलं होतं. कॉलरमध्ये घालतात ना, कडक, तेच. तेही दुहेरी, वर कडेने बारीक शिलाई मारून! त्यांची शिलाई आजवर कधी उसवली नव्हती. इंजिनात दुसऱ्या कुणाची चूक सापडेना, आणि स्वतःची शोधायची त्यांना सवय नव्हती.

रविवार उजाडला. मास्तरांनी सायकल स्टँडवर चढवून इंजिन चालू केलं आणि आशेने वेग कमी केला. खोक, खोक. शेजारी बायको बेकरीवाल्याची पँट मोठी करायला उसवत बसली होती. ती चहाचा कप द्यायला वाकली. तिच्या बोटाला चिकटलेला पांढरा दोरा लोंबत लोंबत त्या नळीच्या जोडाकडे वळला आणि सुळकन आत खेचला गेला.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं इंजिन दोरे खातंय."

"काहीतरी बोलू नकोस."

तिने दुसरा दोरा धरला. तोही गेला. तिसरा तिने मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो जोडाजवळ नेला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो त्यांनीच घातलेल्या टाक्यांतून आत शिरला.

इंजिन बंद पडलं. मास्तरांनी जोडावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"जिथे सुई गेली तिथे भोक पडलं," ते पुटपुटले. "गाढव आहे मी."

"ते नंतर. मुलगा येईल आता. बकरमच्या जागी पुठ्ठा चालेल ना?"

मुलानेच मागे पाठवलेल्या तयार शर्टच्या खोक्यातून तिने पुठ्ठा आणून दिला. रेडीमेड कपड्याचा एकदाचा उपयोग झाला! मास्तरांनी गॅस्केट कापलं, यावेळी टाका न घालता. ग्रीसचा हात फिरवला, दोन्ही नट आळीपाळीने आवळले. इंजिन चालू केलं. वेग कमी केला. अजून कमी केला.

डुग, डुग, डुग, डुग. आचका नाही की खोकला नाही. बायकोने तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय ते कळेना.

तेवढ्यात दारात मुलगा उभा. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नवं कोरं कुलूप.

"बाबा, बंद करा ते."

"नाही करणार. खूप मुश्किलीने चालू राहिलंय." मास्तरांनी गल्लीला एक चक्कर मारली, मुलापुढे येऊन थांबले, इंजिन तसंच डुगडुगत ठेवून खाली उतरले आणि गळ्यातली टेप काढली. "सरळ उभा राहा. ही काय पँट घातलीस? कमरेत रुततेय आणि खाली घड्या पडल्यात."

"बाबा, मी इथे कशाला आलोय..."

"पोट आत ओढू नकोस. मला फसवतोस?"

मुलगा लहानपणच्या सवयीने ताठ उभा राहिला. बापाने गुडघा सांभाळत, कण्हत, जमिनीवर बसून पायाचं माप घेतलं. मुलगा वरून बापाच्या विरळ झालेल्या केसांकडे बघत राहिला. मग त्याने कुलूप गुपचूप बॅगेत टाकलं.

"कधी मिळेल?" त्याने विचारलं.

मास्तर टेप गुंडाळत उठले.

"घाई करायची नाही," ते म्हणाले. "आधी बेकरीवाल्याचं आहे."