अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

आमचे हे चष्मेवाले. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि घरी आले की मागच्या खोलीत फळीवर रूळ बसवायचे. 'खेळण्यातली गाडी' म्हटलेलं खपत नाही. खऱ्या स्टेशनाची मापं घेऊन सगळं शहात्तर पटींनी लहान केलेलं, दिव्याचा खांबसुद्धा.

उद्योग मूळचा दोघा भावांचा. अर्धं स्टेशन ह्यांच्या फळीवर, अर्धं धाकट्याच्या. भावजी दातांच्या कवळ्या बनवायचे, त्यामुळे काम भलतंच बारीक. दोन्ही फळ्या जोडून गाडी इकडून तिकडे न्यायची, असा बेत होता. पण भावजी म्हणाले, दोन रुळांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरनं वाढवू, म्हणजे माप अगदी खरं होईल. हे म्हणाले, "कोण बघतंय?" शब्दाला शब्द लागला. "तुला नुसतं उरकायचं असतं, दादा," म्हणून भावजी आपली फळी टेम्पोत घालून गेले ते गेलेच. नऊ वर्षं झाली. दोघांचीही नाकं वर, मग बोलणार कोण?

भावजी गेल्यावर महिन्याभरात बघते तर हे रूळ उखडताहेत. सगळे पुन्हा बसवले, अर्ध्या मिलिमीटरनं रुंद. पितळी मापपट्टी लावायची, कथलाचा डाग द्यायचा, परत मापपट्टी. मग एकेक डबा बोटानं ढकलत न्यायचा. सांध्यावर, म्हणजे रूळ बदलतो तिथे, चाक घसरलं की उखडून पहिल्यापासून. असं चारदा झालं, त्यातच वर्षं गेली. "फोन करा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आधी नीट चालू दे." भावाची आठवण येते एवढं म्हणायला ह्यांची जीभ रेटत नव्हती. मलाच ह्यांच्याकडे बघून भरून यायचं.

गेल्या रविवारी गाडी मुंगीच्या पावलानं अख्खी फळी फिरली. एकदाही घसरली नाही. ह्यांनी लगेच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"तुझ्या मापानं केलंय रे सगळं. तुझी फळी घेऊन ये."

"फळी मोडली मी, दादा. डोळे गेले माझे. काम पण सोडलं."

"अरे, चष्मा—"

"चष्म्यानं भागण्यातलं नाही ते."

ह्यांनी फोन रुळांजवळ ठेवला आणि गाडी सोडली.

"दुसऱ्या सांध्यावर चाक घासतंय," भावजी म्हणाले.

"नाही घासत."

"घासतंय. कान शाबूत आहेत माझे."

"मग येऊन दाखव!" हे ओरडले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

फोन मीच उचलला. "भावजी, तुम्हाला आणायला कुणाला पाठवू?"

"दादालाच पाठवा," ते म्हणाले.