मधलं चित्र वगळून

अक्काच्या लॅपटॉपवर तो डोंगर मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याच्या माथ्याभोवती रंगीत वर्तुळं होती, एकात एक, आणि त्यातला लाल पट्टा नेमका एका गावावरून गेला होता. हे काय, असं मी विचारलं. अक्का उप्पीट खात होती. घास न गिळताच म्हणाली, "काही नाही गं. डोंगर फुगल्यासारखा दिसतोय, पण हवा असेल."

मी कोरमंगल्याला पीजीत राहते आणि रविवारी येलहंक्याला, आमच्या घरी, येते. उरलेला आठवडा शहरातल्या तलावांसाठी पत्रकं लिहायची, वाटायची आणि शिव्या खायच्या. तलावाचा फेस रस्त्यावर येऊन स्कूटरवाल्यांच्या तोंडावर उडत होता, तेव्हा साहेब लोकांनी आम्हाला असंच सांगितलं होतं: काही नाही, वारा आहे. पगारी माणूस 'काही नाही' म्हणाला की माझे कान टवकारतात. आणि अक्का पगारी आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या एका संस्थेत ती उपग्रहाच्या चित्रांवरून ज्वालामुखींवर नजर ठेवते. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं?

हा डोंगर म्हणजे इंडोनेशियातला एक ज्वालामुखी. तिथल्या वेधशाळेबरोबर अक्काच्या संस्थेचं काम चालतं. उतारावर कोबी-बटाट्याची शेती आहे, पार वरपर्यंत, आणि काढणीच्या दिवसांत शेतकरी वरच्या शेतांतच झोपड्या घालून राहतात. तेव्हा काढणीच चालू होती. म्हणजे डोंगर खरंच फुगत असेल, तर त्याच्या अंगावर माणसं झोपत होती आणि माझी बहीण उप्पीट खात होती. मी तिला हे ह्याच शब्दांत ऐकवलं.

तिनं बशी बाजूला सारली आणि शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. उपग्रह रडारनं डोंगराचं एकदा चित्र घेतो, काही दिवसांनी पुन्हा घेतो. दोन्ही चित्रं एकमेकांशी ताडली की जमीन मधल्या काळात वर आली का खाली गेली, ते वर्तुळांत दिसतं. पण एखाद्या दिवशी हवा दमट असली की तिच्यातून जाताना रडारची लहर थोडी रेंगाळते. पायथ्याशी हवा जास्त, माथ्यावर कमी, त्यामुळे जागचा न हललेला डोंगरही फुगल्यासारखा दिसतो.

"आणि गावावर लाल आलंय ते?"

"लाल म्हणजे धोका असं कुणी सांगितलं तुला? हा काय तुमच्या मोर्च्यातला फलक आहे? रंग आळीपाळीनं येतात, पुट्टी. लाल बघायचं नाही. वर्तुळं किती आहेत ते बघायचं."

मी म्हटलं, बरं, वर्तुळं बघते. पुष्कळ आहेत. आता बोल.

आता स्वल्प थांबायचं, म्हणाली. तिसरं चित्र आलं की कळेल. तेवढ्यात हवाई दलाची विमानं घरावरून गेली आणि आम्ही दोघी सवयीनं गप्प बसलो. आवाज विरल्यावर स्वयंपाकघरातून आईचा शेरा आला: एकीला सरकारवर संशय, दुसरीला ढगावर, आणि भात कुणी लावायचा?

थांबायचं, हा शब्दही माझ्या ओळखीचा आहे. मी फोनवर त्या डोंगराच्या बातम्या शोधल्या. भाषांतर वेडंवाकडं होतं, तरी मुद्दा समजला. पर्यटकांना थेट वरपर्यंत नेणारा नवा रस्ता तयार होता आणि कुणी मंत्री उद्‌घाटनाला येणार होते. मी बातमी अक्काच्या नाकासमोर धरली. तुला कुणी थांबायला सांगितलंय का, असं सरळ विचारलं. तिला रस्त्याची काहीच माहिती नव्हती. निदान तिच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं, आणि चेहरे मी पुष्कळ पाहिलेत.

मग त्या गावाला आत्ता सांग, म्हटलं. त्यावर तिनं जे उत्तर दिलं त्यानं माझं डोकंच सणकलं. बाहेरच्या शास्त्रज्ञांनी गावाशी बोलायचंच नाही, असा त्यांच्यात दंडक आहे. इशारा द्यायचा तो तिथल्या वेधशाळेनं. दहा ठिकाणांहून दहा इशारे आले की लोक कुणाचंच ऐकत नाहीत, म्हणून तोंड एकच.

"एकच तोंड," मी म्हटलं. "म्हणजे दाबायलाही एकच."

अक्का रागावली नाही. तिनं वेधशाळेतल्या राखणदाराची हकीकत सांगितली. हा माणूस त्याच गावचा. डोंगरावरच्या ठाण्यात बसून उपकरणं सांभाळतो. पूर्वी एकदा त्याच्या इशाऱ्यावरून गाव रिकामं झालं होतं. डोंगरानं काहीच केलं नाही. लोक परतले तेव्हा कोबी सडलेला आणि गोठ्यांतली जनावरं चोरीला गेलेली. अजूनही चहाच्या टपरीवर त्याला विचारतात, आज पळायचं का उद्या? आणखी एक हूल उठली, की खरी वेळ येईल तेव्हा कुणी जागचं हलणार नाही.

ऐकायला बरं वाटतं. पण गप्प बसणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक हकीकत असतेच. त्या देशात खाणींविरुद्ध काम करणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. आमच्या ऑनलाइन बैठका होतात. मी अक्कासमोरच तिच्या पडद्याचा फोटो काढला आणि तिथंच बसून मजकूर लिहिला: डोंगर फुगतो आहे. मंत्र्यांना फीत कापायची आहे म्हणून तुमच्यापासून लपवलं जात आहे. आणि तिला वाचायला दिला.

ती फोन हिसकावून घेईल असं वाटलं होतं. तिनं सावकाश वाचला आणि परत दिला.

"पाठव. पण तुला हे कसं कळलं, ते खाली लिही. तुमच्या पत्रकांत लिहिताच की."

लिहितो. एकदा नोटीस आली तेव्हापासून आम्ही आधार दिल्याशिवाय एक ओळ छापत नाही. मी लिहायला बसले. बहिणीच्या लॅपटॉपवर पाहिलं. याच्या पुढं काही सुचेना. मी ते पाठवलं नाही. पुसलंही नाही.

तिसरं चित्र आलं तसा अक्काचा निरोप आला आणि मी वाटायची पत्रकं तशीच टाकून येलहंक्याची बस धरली. माझ्यासमोर उघड, असं तिला आधीच बजावलं होतं. तिनं दुसरं आणि तिसरं चित्र ताडलं. डोंगर खचलेला दिसत होता, आधी जेवढा फुगला होता जवळजवळ तेवढाच. "बघ, दुसरं चित्र घेतलं त्या दिवशी हवा दमट होती," ती म्हणाली. मग तिनं मधलं चित्र वगळून पहिलं थेट तिसऱ्याशी ताडलं. माथ्यावरची वर्तुळं गेली होती.

मला वाटलं, आता ही जिंकल्यासारखी हसणार. ती हसली नाही. पडद्याला नाक लावून पूर्वेच्या उताराकडे बघत राहिली. तिथं एक छोटं वर्तुळ उरलं होतं, वरच्या शेतांच्या जरा वर. तिनं आणखी जुनी चित्रं काढली, वेगवेगळ्या जोड्या लावल्या. ते हलेना. शेवटी म्हणाली, "ही हवा नाही."

राखणदाराला फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला की त्याची उपकरणं सगळी पश्चिमेला आहेत, पूर्वेचं त्याला काही कळत नाही. त्याला लेखी हवं होतं.

अक्कानं लिहिलं की पूर्व उतारावर मर्यादित स्वरूपाच्या विरूपणाची शक्यता नाकारता येत नाही. मी म्हटलं, हे वाचून कोबीसुद्धा हलणार नाही, सरक. मी लिहिलं: पूर्वेच्या उतारावर जमीन थोडी उचलली आहे. धोका नक्की आहे. वरच्या शेतात रात्री राहू नका. तिनं मधलं वाक्य खोडून तिथं घातलं: कशामुळे, ते अजून माहीत नाही. यावर आमचं चांगलंच वाजलं. 'माहीत नाही' लिहिलं की लोक पत्रक फेकून देतात, हा माझा अनुभव आहे. पुढच्या वेळीही त्यांनी ऐकायला हवं असेल तर लिही, हे तिचं म्हणणं. सरी, तुझंच खरं, म्हटलं. ते वाक्य ठेवलं, इंग्रजी केलं आणि तिच्या साहेबांच्या संमतीनं सगळं वेधशाळेला गेलं.

राखणदारानं ते गावातल्या भोंग्यावरून वाचलं आणि आम्हाला त्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. अक्कानं सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र ते रेकॉर्डिंग खाणवाल्या मुलाकडे पाठवलं आणि शब्दन्‌शब्द भाषांतर मागितलं. मला खात्री होती की वरच्यांनी 'माहीत नाही' गाळलं असणार.

गाळलं नव्हतं. तिन्ही वाक्यं जशीच्या तशी होती. पण शेवटी चौथं होतं: पर्यटकांसाठी नवा रस्ता खुला आहे.

मुलानं पुढं लिहिलं होतं की झोपड्यांतली निम्मी माणसं खाली आली. बाकीची म्हणाली, मंत्र्यांच्या गाड्या वर जाणार असतील तर आम्हालाच कसला धोका?

मी अक्काला वाचून दाखवलं. मी ओरडायच्या आतच तिनं राखणदाराला पुन्हा फोन लावला आणि एवढंच विचारलं, "चौथं वाक्य कुणाचं?" वरून आलं, माइकबरोबरच, असं तो म्हणाला. मग ती खूप हळू आवाजात बोलली: आमच्या नावावर तीन वाक्यं आहेत, चौथं वाचायचं असेल तर आमची तिन्ही परत करा, आणि हे मी तुमच्या वरिष्ठांना लेखी कळवते आहे. दंडक मोडला नाही. गावाशी बोलली नाही. ज्याचं तोंड होतं, त्याच्याशीच बोलली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भोंग्यावरून तीनच वाक्यं वाचली. मी तेही रेकॉर्डिंग तपासून घेतलं. उरलेली माणसं खाली आली. दिवसा वर जाऊन बटाटे काढायचे, अंधार पडायच्या आत उतरायचं, असं ठरलं.

डोंगर अजून फुटलेला नाही, त्यामुळे बरोबर कोण होतं ते कुणालाच सांगता येत नाही. तिसऱ्या चित्राची वाट बघण्यात गेलेले दिवस त्या झोपड्यांच्या जिवावर गेले, असं मी आजही म्हणते आणि अक्का आजही वाद घालते. ते छोटं वर्तुळ अजून आहे. मंत्र्यांचा कार्यक्रम पुढं ढकलला, वरचा रस्ता बंद केला, असं वेधशाळेनं कळवलं. खाणवाल्या मुलाला मी सांगितलंय, जा आणि त्या रस्त्याच्या फाटकाला खरंच कुलूप आहे का ते बघून ये.