बालवाडीतला शाकाहारी लांडगा

आता हसायचं तर आधीच हसून घ्या. फजिती माझीच हाय. दुसऱ्याची असती तर चार मिरच्या जास्त घालून सांगितली असती!

आमच्या सुनेनं, सुनंदानं, सणसरला घराच्या पडवीत बालवाडी काढली. पहिल्याच दिवशी गावातल्या आया बघायला येणार. पसंत पडलं तरच पोरं घालणार, न्हायतर वालचंदनगरच्या शाळेची गाडी दारात येतीयच. गोष्ट सांगायला आजोबा पायजे म्हणून मला धुऊन-पुसून बसवलं. हातात नवं कोरं पुस्तक दिलं.

"आबा, जुनीच गोष्ट हाय, लांडगा आन् कोकरांची. फकस्त आताच्या पोरांसाठी बदललीय. हाय तेवढंच वाचायचं!"

वाचलं. काय सांगू! लांडगा कोकरांच्या दारात येतो आन् म्हणतो, मी एकटा आहे, माझ्याशी मैत्री कराल का? मग सगळे मिळून गाजराची कोशिंबीर खातात.

कोशिंबीर! आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. सुप्याच्या माळावर कोकरं उचलणारे लांडगे मी डोळ्यांनी बघितलेत. एकानंबी जाताना काकडी मागितली न्हाय.

पोरं जांभया देत होती. आया चपला शोधत होत्या. सुनंदाचं तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, सुनेची बालवाडी बुडतीय, आता आपणच वाचवायची!

पुस्तक ठेवलं खाली. "पोरांनो, खरा लांडगा आल्यावर काय व्हतं, ठावं हाय?"

"न्हाऽऽय!"

छाती भरून धनगरी हाळी दिली, "धावा रंऽऽ! मेंढरांवर लांडगा पडलाऽऽ!"

टाळ्या! आया परत बसल्या. मला चेव आला. दुसरी हाळी पहिलीपेक्षा मोठी!

आता आमच्यात एक रीत हाय. ही हाळी कानावर आली की हातातला घास टाकून पळायचं. कुणाची मेंढरं, किती लांब, काय विचारायचं न्हाय. आन् बालवाडीमागच्या रानात, ऊस तुटल्यावर, खतासाठी मेंढरं बसवलेली. बसवली कुणी? मीच की!

दोन मिनिटांत चार गडी काठ्या उगारून पडवीत. मागं कुत्री. धनी पळाला म्हणून त्यामागं अख्खा कळप! एका मेंढीनं तर पुस्तकातली कोशिंबीर पानासकट खाल्ली.

पुढं माझा मेव्हणा बिरा, तोंडात भाकरी तशीच. "दाजी, कुठाय लांडगा?"

"आरं, गोष्टीत हाय."

"गोष्टीत? म्हंजी मी ताट सोडून गोष्टीत पळत आलो?"

पोरं मात्र कोकरांच्या गळ्यात पडलेली. घरी जायला एकबी तयार न्हाय. आयांनी तिथल्या तिथं अठरा नावं घातली. मी मिशीला पीळ देत म्हणालो, "बघितलंस, सुनंदा? गोष्ट अशी सांगायची असती."

तिनं हजेरीची वही माझ्यापुढं धरली. एकोणिसावं नाव माझं!

"आयांची अट हाय, आबा. रोज पोरांच्या मधी मांडी घालून बसायचं, तोंडावर बोट ठिऊन. न्हायतर त्या नावं काढून घेत्यात."

सुनेच्या बालवाडीसाठी बसतो बापडा. काल शेजारची चार वर्षांची पोरगी उभी राहिली.

"बाई, बाई, ह्या आबानं बोट काढलं!"

आन् मला कोपऱ्यात उभं केलं.