एका डब्यात रातांबे किती

रत्नागिरीच्या आमच्या कारखान्यात कोकमाचं सरबत आणि आगळ तयार होतं. भांडाराच्या नोंदी माझ्याकडे असतात. गेल्या वर्षी त्यासाठी सॉफ्टवेअर आलं, आणि प्रत्येक मालासमोर त्याने तीन रकाने दाखवले: खरेदीचं एकक, साठ्याचं एकक, आणि एकाचे दुसऱ्यात किती. बाटल्यांची खोकी, साखरेच्या गोणी हे भराभर झालं. रातांब्यांपाशी मी थांबलो.

राजापूरकडच्या एका गावात एक काकी आमच्यासाठी रातांबे गोळा करतात. लोक फळं घेऊन येतात, काकी तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याने मोजून घेतात आणि टेम्पोबरोबर डब्यांचा आकडा चिठ्ठीवर पाठवतात. आवक ती तशीच, डब्यांत. फळ फोडायला जातं ते मात्र काट्यावरून, किलोत.

अंदाजाने आकडा भरणं मला जमत नाही. फळं फोडणाऱ्या बायकांपैकी एकीला मी तसाच डबा भरून द्यायला सांगितलं. तीनदा भरून घेतला, तीनदा तोलला, डब्याचं वजन वजा केलं. साडेदहा किलो. रकाना भरला.

पहिल्या वर्षी काकींचा माल थोडा होता, फरक कोणाच्या डोळ्यांत आला नाही. यंदा मेअखेर ताळा पाहिला. डबे तीनशे वीस, म्हणजे संगणकाच्या मते ३,३६० किलो. काट्यावरून गेले ३,०६०. तीनशे किलो कमी.

मालक आवाज न चढवता म्हणाले, "काकी डबे वाढवून लिहितायत. पुढच्या वर्षी दुसरीकडून घेऊ. तुम्हीच कळवा त्यांना."

"सोमवारी कळवतो," मी म्हणालो.

मला एक गोष्ट खटकत होती. मी दिवसवार भागाकार करून पाहिला होता. दहा डबे आलेला दिवस असो की तीस, तूट डब्यामागे नऊशे-साडेनऊशे ग्रॅमच. डबे वाढवून लिहिणारा माणूस इतका नेमका कसा असेल?

रविवारी पिशवीत छोटा काटा घालून एसटीने गेलो. काकी मांडवाखाली बसल्या होत्या. समोर एक गाववाला डब्यात रातांबे ओतत होता. डबा काठोकाठ भरला तरी तो थांबला नाही, वर चांगली शीग चढवली. काकींनी बांबूची पट्टी काठावरून फिरवली. शीग शेजारच्या टोपलीत पडली आणि सपाट डबा आमच्या क्रेटमध्ये रिकामा झाला.

"काकी, ही टोपली कोणाची?"

"देवळाच्या जेवणाला आमसुलं लागतात. आणि ज्यांच्या दारात झाड नाय त्यांना."

"पण फळं तर आमच्या डब्यातली."

"तुमच्या कशी? देणाऱ्याने शिगेचा द्यायचा, घेणाऱ्याने सपाट घ्यायचा. शीग पण घेतली तर घेणारा हावरा."

गाववाला म्हणाला, "भाऊ रत्नागिरीला राहून विसरले वाटतं."

मी सपाट डबा तोलायला मागितला. पाच डबे तोलले. सरासरी नऊ किलो सहाशे. तीनशे विसाने गुणलं तर ३,०७२. तिथे मांडवातच मला आमच्या कारखान्यातला डबा आठवला. तीनदा भरला होता आणि तीनदा त्यावर शीग होती. मी समोर उभा होतो आणि मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. माझ्या घरीही कोणाला तांदूळ द्यायचे तर माप असंच भरतात.

सोमवारी मी त्या बाईंना विचारलं, शीग का लावली होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, भरून द्या. दुसऱ्याला द्यायचा डबा सपाट कोण भरतं?"

मालकांपुढे दोन्ही आकडे ठेवले आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी कागद जवळ ओढून पाहिला.

"म्हणजे गाव साडेदहा देतं आणि आपल्याला नऊ-सहाशे मिळतं. शीग आपणच का घेऊ नये?"

"आपण घेणारे आहोत."

त्यांनी पुन्हा आकड्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तरी बारा किलो कमीच आहेत."

"त्यांचा हिशोब मला लागलेला नाही. रस गळत असेल, पण मी मोजलेला नाही."

"काकींना कळवलंत का काही?"

"अजून नाही."

"मग राहू दे. पुढच्या वर्षीही त्यांच्याकडूनच."

संध्याकाळी मी काकींना फोन केला. माल बंद व्हायची वेळ आली होती आणि ती माझ्या आकड्यामुळे, हे त्यांना माहीत असायला हवं असं मला वाटलं. सगळं सांगितलं.

"वाटलंच मला," काकी म्हणाल्या. "रविवारचा काटा घेऊन कोण पाहुणा येतो?" मग त्यांनी विचारलं, "आता तुमच्या त्या मशिनीत काय लिवलंत?"

"नऊ किलो सहाशे. सपाट."

"आणि शीग?"

शीग कुठल्याच रकान्यात लिहिलेली नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी क्रेट थोडे जास्त पाठवा म्हणून सांगून त्यांनी फोन ठेवला.