लागोपाठ नंबरांची बिलं

लातूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला सरांनी हिशेबातली लबाडी ओळखायच्या खुणा शिकवल्या, आणि त्यानंतर मला जो तो चोर दिसू लागला. मेसवाल्या काकूंच्या वरणावरही मी संशय घेतला. अशातच सरांनी आमच्या वाणिज्य मंडळाचा खर्च सरावासाठी दिला. मंडळाची खरेदी वर्गातली एक मुलगी बघायची. ती रोज चाकूरहून एसटीनं यायची. कागद, पुठ्ठे, रंग तिकडच्याच एका दुकानातून आणायची. बिलं जुलैपासून डिसेंबरपर्यंतची, नंबर मात्र लागोपाठ. सहा महिन्यांत दुकानात दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही? मी छाती फुगवून उभा राहिलो आणि जाहीर केलं, ही बिलं एका बैठकीत लिहिलेली आहेत.

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. ती एवढंच म्हणाली, "दुकानात जाऊन विचार की."

सर म्हणाले, "आरोप तुझा, पुरावाही तूच आण. तोवर खरेदी तिच्याकडे नको."

दुसऱ्या दिवशी मी चाकूरला. गुप्तहेराच्या थाटात एक पेन घेतलं आणि बिल मागितलं. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला.

"दहा रुपयाच्या पेनाला बिल? त्या कॉलेजच्या ताईचे भाऊ का तुम्ही?"

त्याचं म्हणणं, इथं बिल मागतंय कोण? सगळा हिशेब खोक्याच्या पुठ्ठ्यावर. ती ताई तेवढी बिलाशिवाय पायरी उतरत न्हाई, लई डोकं खाते. कुरकुरत त्यानं बिलबुक शोधलं, धूळ झटकली. माझ्या पेनाच्या बिलावर नंबर पडला तो तिच्या शेवटच्या बिलाच्या पुढचा. मध्ये अख्खा महिना गेला होता.

परतताना ते बिल एसटीच्या खिडकीतून सोडून द्यावं, असं फार वाटलं. सोडलं नाही. आज नांदेडात लोकांचे हिशेब तपासतो, काही बनेल मंडळी पकडलीही आहेत. पण कॉलर ताठ करून सांगतो ती हीच गोष्ट. चाकूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभं राहून मी अहवाल वाचला : बिलं खरी आहेत, चूक माझी आहे. सरांनी खरेदी तिथल्या तिथं तिच्याकडे परत दिली.

तिनं माझा अहवाल मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला. खाली मी तपासणीचा खर्च म्हणून पेन आणि एसटीचं भाडं लावलं होतं.

"एसटीचं देते," ती म्हणाली. "पेन तुझं तू वापर."