परिषदेत मायले गायले बोलावलं तवा

"त्यांना खुर्ची नको. खाली तरट टाका. म्हणजे त्यांना मोकळं वाटेल."

हे आमच्या मराठी विभागाचे सर म्हणाले. कॉलेजच्या हॉलात, भर सभेत, माईकवरून. 'त्यांना' म्हणजे माह्या मायले. पुढच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या होत्या. माय घाटंजीहून मोटारीनं आलती, ठेवणीतलं लुगडं नेसून. ती तरटावर बसली.

यवतमाळात एम.ए.च्या पोरापोरींची साहित्याची अन् भाषेची परिषद भरवायची, हे माह्या डोक्यातलं. सरांनी ते उचललं अन् मले चिटणीस केलं. चिटणीस कायचा? सतरंज्या झटकायचा. मंडपवाल्याकडं मी, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायले मी. आमच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्यांवर म्या निबंध लिहिलता. सरांनी वाचला. म्हणाले, "सामग्री चांगली आहे. मांडणी मी करतो." मांडणी झाली अन् निबंध त्यांचा झाला. वरून म्हणाले, "आईला घेऊन ये. प्रत्यक्ष नमुना असला की अध्यक्षांना बरं वाटेल." अध्यक्ष पुण्याचे होते.

कापसाच्या बाजारात व्यापारी गाडीतून मूठभर कापूस ओढून पाहतो, तशी माही माय पाहायची होती त्यांले. मले वाटलं, मंचावर बसवतील, हार घालतील.

आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याले तवा चार-पाच वर्षं झाली होती. मायनं देव्हाऱ्यातले समदे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. देवांच्या ओव्याही त्याच दिवशी सोडल्या. तवापासून दळताना ती बुद्धाच्या ओव्या म्हणे, सोता रचलेल्या. माह्या निबंधात त्याच होत्या. सरांनी मांडणी करताना नेमक्या त्याच काढून देवीच्या घातल्या, हे मले तिथं, सर मंचावरून निबंध वाचत होते तवा समजलं.

निबंध अर्धा झाला अन् सर थांबले. मायले म्हणाले, "म्हणा आता." मायनं बुद्धाची ओवी धरली. एक ओळ झाली नाई तर सरांचा हात वर.

"ह्या नकोत, बाई. हा प्रचार झाला. देवीच्या म्हणा. अस्सल."

अध्यक्ष हसले. मंग शालवाले समदे हसले.

"थ्या आमी सोडल्या, सायेब," माय म्हणे.

"सोडल्या तरी पाठ असतीलच की. मुलाच्या परीक्षेचा प्रश्न आहे, बाई."

हलकट माणूस. आवाज केवढा मऊ, भाषा केवढी शुद्ध. माय माह्याकडं पाहून राह्यली. पोराची एम.ए. ह्या माणसाच्या हातात हाय, एवढं तिले कळत होतं. तिनं पदर सारखा केला, खाकरली. माय गाणार होती. नदीत सोडलेले देव ती माह्यापायी पुन्हा तोंडात घेणार होती.

मी उठलो. "माय, गाऊ नको."

"खाली बस. काय तमाशा लावलास?" सर म्हणाले.

"समद्या खुर्च्या म्या मांडल्या, सर. मायले तरटावर बसवायचं होतं तर पहिलेच सांगायचं. तुमचीबी मांडली नसती. अन् हा निबंध माहा हाय. देवीच्या ओव्या तेवढ्या तुमच्या."

सकाळपासून ह्याच लोकांनी माणुसकीवर भाषणं ऐकली होती, मान डोलवू डोलवू. एक माणूस उठला नाई. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, चहाचं काय झालं?" असले हे साहित्यिक.

मायचा हात धरून भाईर पडलो. मोटार स्टँडवर माय म्हणे, "तुह्या परीक्षेचं कसं रे बापू?"

"नापास करतीन."

"म्या गायली असती."

"म्हणूनच उठलो."

तोंडी परीक्षेले समोर तेच सर बसले होते. मले नापास केलं. तुझी भाषा शुद्ध नाही, म्हणाले. मी पुढच्या साली पुन्हा बसलो, त्यांच्याच नाकावर टिच्चून.

पण त्या दिवशी, मोटारीत मायजवळ बसल्या बसल्या, म्या ठरवलं. आमच्या बायांची एक ओवीही ह्या लोकांच्या हाती देणार नाई. अभ्यास करीन तो ह्यांचा. माणसाले गोड बोलून खाली कसं बसवतात अन् वरून उपकार केल्यावानी कसे पाहतात, हे समदं लिहीन. नावानिशी लिहीन. माह्याच बोलीत लिहीन. समजत नसंल तर शिकावं त्यांनी.